टोरोंटो रॅप्टर्सचे २०१९ चे विजेतेपद कर्तृत्वाचे की प्रतिस्पर्ध्यांच्या दुखापतींचे?

धागाकर्ता:
टोरोंटो रॅप्टर्सने जून २०१९ मध्ये एनबीए या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे आपले पहिले विजेतेपद मिळवले, पण त्याचा विषय निघाला की ‘अंतिम मालिकेतील प्रतिस्पर्धी गोल्डन स्टेट वॉरियर्सचे ड्युरँट आणि थॉम्पसन जायबंदी झाले नसते तर’ हे पालुपद आजही ऐकावे लागते. माझ्या मते हा त्या संघावर उघड अन्याय आहे. ड्युरँट अंतिम मालिकेतले पहिले चार सामने खेळला नाही हे खरे. परंतु त्याच्यावाचूनच वॉरियर्सनी ह्यूस्टनला त्यांच्याच मैदानावर हरवून बाहेर काढले होते आणि पोर्टलंडला ४-० असे नमवले होते, तेव्हा तो संघ कुणालाही दुबळा वाटला नव्हता. थॉम्पसन केवळ तिसऱ्या सामन्याला मुकला. चौथ्यात परतून त्याने २८ गुण केले, तरीही रॅप्टर्सनी तो सामना १०५-९२ असा जिंकला. वॉरियर्सच्या घरच्या मैदानावर, ओकलंडमध्ये झालेले तिन्ही सामने रॅप्टर्सनीच जिंकले, याकडे टीकाकार सोयीस्करपणे दुर्लक्ष करतात.

या संघाची खरी कसोटी अंतिम मालिकेआधीच्या फेरीत मिलवॉकीविरुद्ध लागली, असे मी मानतो. साखळीत ६० विजय मिळवणाऱ्या त्या संघाने पहिले दोन्ही सामने जिंकले होते. तिसऱ्या सामन्यात प्रशिक्षक निक नर्स यांनी मिलवॉकीच्या यानिसला रोखण्याची मुख्य जबाबदारी आपला आघाडीचा खेळाडू कवाय लेनर्डवर सोपवली. दोनदा जादा वेळेत गेलेल्या त्या सामन्यात लेनर्ड ५२ मिनिटे खेळला, त्याने ३६ गुण केले आणि यानिसला १२ गुणांवर थोपवण्यात मोलाचा वाटा उचलला. तिथून रॅप्टर्सनी सलग चार सामने जिंकले. तिथे दुखापतींची सबब कशी सांगणार?

प्रतिसाद १ (असहमत):
धागाकर्त्यांनी पाचव्या आणि सहाव्या सामन्यांना बगल दिली आहे. पाचव्या सामन्यात ड्युरँट जेमतेम १२ मिनिटे खेळला, तेवढ्यात त्याने ११ गुण केले आणि तो लंगडत बाहेर पडला तेव्हा वॉरियर्स आघाडीवर होते. सहाव्यात थॉम्पसनने तिसऱ्या सत्रातच ३० गुणांपर्यंत मजल मारली होती. त्याचा गुडघा दुखावला तेव्हाही आघाडी वॉरियर्सचीच होती आणि अखेर फरक पडला तो अवघ्या चार गुणांचा, ११४-११०. शिवाय फिलाडेल्फियाविरुद्धच्या सातव्या सामन्यात लेनर्डने कोपऱ्यातून मारलेला शेवटचा चेंडू कडीवर चार वेळा उसळून मग आत पडला. तो बाहेर पडला असता, तर सामना जादा वेळेत गेला असता. ज्या लेब्रॉनच्या क्लीव्हलँडने या संघाला लागोपाठ तीन वर्षे प्लेऑफमधून (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांतून) बाहेर काढले, तो लेब्रॉनही त्याच मोसमात लेकर्सकडे गेला होता. रॅप्टर्स उत्तम संघ होता, पण एवढ्या साऱ्या गोष्टी पथ्यावर पडल्यावर त्याला सर्वश्रेष्ठ म्हणणे मला पटत नाही.

प्रतिसाद २:
मी त्या काळात टोरोंटोजवळ राहत होतो आणि तो मोसम जवळून पाहिला, म्हणून लिहितो. सगळी चर्चा लेनर्डभोवती फिरते, पण साखळीत विश्रांती आणि दुखापतींमुळे तो २२ सामने खेळला नाही आणि त्यातले १७ सामने संघाने त्याच्याविना जिंकले. सहाव्या सामन्यात संघाचे पहिले ११ गुण एकट्या काइल लाउरीचे होते, तर शेवटच्या सत्रात फ्रेड व्हॅनव्लीटने १२ गुण केले. व्हॅनव्लीटला ड्राफ्टमध्ये (नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) कोणत्याही संघाने निवडले नव्हते, आणि याच खेळाडूने अख्खी मालिका वॉरियर्सच्या स्टीफन करीची पाठ सोडली नाही. लेनर्ड क्लिपर्सकडे निघून गेल्यावर पुढच्या मोसमात हाच संघ ५३ विजय आणि १९ पराभव अशी कामगिरी करतो, हे निव्वळ नशिबाने होत नाही.

प्रतिसाद ३:
माझा आक्षेप वेगळा आहे. डीमार डीरोझनने नऊ वर्षे या संघासाठी घाम गाळला, २०१६ मध्ये दुसरीकडे न जाता पाच वर्षांचा नवा करार केला आणि त्यालाच सॅन अँटोनियोला धाडून लेनर्डला आणले गेले. झाल्या गैरसमजाबद्दल तत्कालीन अध्यक्ष मसाई उजिरी यांना नंतर जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्याआधी संघाला ५९ विजय मिळवून देणारे प्रशिक्षक ड्वेन केसी यांनाही काढण्यात आले होते. विजेतेपदाचे गोडवे गाताना या दोघांचे नावसुद्धा घेतले जात नाही, याचे मला वाईट वाटते.

धागाकर्ता:
डीरोझनबद्दलची आपली हळहळ मलाही मान्य आहे. मात्र त्याच जुन्या संघाने क्लीव्हलँडकडून दोन वर्षे ओळीने ४-० असा मार खाल्ला होता, आणि तिथेच थांबायचे की जोखीम पत्करायची, हा निर्णय कुणाला तरी घ्यावाच लागणार होता. लेनर्ड वर्षभरात सोडून जाऊ शकतो, हे उजिरींना पुरते ठाऊक होते. तरीही ते लेनर्डवर विसंबून स्वस्थ बसले नाहीत. फेब्रुवारीत व्हॅलान्चूनाससह तीन खेळाडू देऊन त्यांनी मेम्फिसहून मार्क गॅसोलला आणले. प्रतिसाद १ मध्ये ज्या फिलाडेल्फिया मालिकेचा दाखला दिला आहे, तिच्यात फिलाडेल्फियाच्या एम्बीडला बास्केटखाली जखडून ठेवण्याचे काम याच गॅसोलने केले. ते झाले नसते, तर तो चेंडू कडीवर उसळण्याची वेळच आली नसती.