मदत हवी आहे: जुनं चिनी बैठं टेबल घ्यावं का?

नमस्कार मंडळी,

मी सिंगापूरला असते. इथे एक वयस्कर चिनी काका घर बदलतायत म्हणून जुनं फर्निचर विकतायत, त्यातलं एक बैठं टेबल मला फार म्हणजे फारच आवडलंय. कांग टेबल म्हणतात त्याला. उत्तर चीनमध्ये थंडी कडाक्याची, त्यामुळे घरात विटांचा ओटा आणि त्याच्या आतून चुलीचा धूर-आच खेळवलेली, तो ओटा म्हणजे कांग, सगळे दिवसभर त्यावरच बसायचे आणि चहा, जेवण, लिखाण सगळं अशा टेबलावर. हे साधारण ९० बाय ५५ सेमी आहे, उंची जेमतेम ३०.

काका म्हणतात चिंग काळातलं (चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या वेळचं) आहे, लाकूड हुआंगहुआली, म्हणजे तिकडचं फार महागडं लाकूड, ४,५०० डॉलर. खरं हुआंगहुआली असेल तर एवढ्यात कोण देईल, हीच शंका खातेय. पण काम बघून जीव अडकलाय हो! खिळा एकही नाही, कोपरे तिरपे कापून कुसात बसवलेत, पाय खाली घोड्याच्या खुरासारखे आत वळलेत. मधल्या फळीला एका बाजूने बारीक फट आहे. खालून काळपट लॅकर, तडे गेलेलं, त्यात कापडाचे धागे दिसतात. एक आडवी पट्टी मात्र रंगाने वेगळी वाटली.

फट म्हणजे खराबी का? लाकूड कसं ओळखू, खरवडून तर बघू देणार नाहीत. आणि पुढेमागे पुण्याला आईबाबांकडे न्यायचंय, तर कागदपत्रं काय लागतील? प्लीज सांगा, काकांना लवकर कळवायचंय.

रंधा:
ताई, फट असू दे. ती फळी चौकटीच्या खाचेत सुटीच ठेवतात, दमट हवेत फुगायला जागा हवी ना. कापड-लॅकरचा थर ही चांगली खूण आहे, खालून ओल लागू नये म्हणून लावायचे. त्या वेगळ्या पट्टीवर टॉर्च आडवा धरून बघा, करवतीच्या खुणा गोलाकार असतील तर ती मशीनवर कापलेली, म्हणजे नंतर बदललेली. लाकडाचं म्हणाल तर हुआंगहुआली मधासारखं पिवळट-तपकिरी, गाठी भुताच्या चेहऱ्यासारख्या दिसतात. गडद लालसर असेल तर होंगमू (चिनी फर्निचरचं दुसरं, लालसर लाकूड) समजा, चिंग काळात उत्तरोत्तर तेच जास्त वापरलं गेलं. फोटोवरून छातीठोक कोणीच सांगू शकत नाही, स्वतंत्र जाणकाराला दाखवा.

आडवाटेचा_पाहुणा:
कागदांचं आधी बघा. हुआंगहुआली असो की होंगमू, बहुतेक डालबर्जिया वंशातलंच, आपल्या शिसवीचं भावंड. २ जानेवारी २०१७ पासून जवळजवळ अख्खा डालबर्जिया साइटीसच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहे, म्हणजे देशाबाहेर न्यायला परमिट लागतं. तयार वस्तूंना १० किलोपर्यंत सूट आहे, हे टेबल त्यात बसेल असं वाटत नाही. सिंगापूरमध्ये परमिट एनपार्क्स (तिथलं सरकारी उद्यान मंडळ) देतं. जुनेपणाचा पुरावा लागेल, म्हणून काकांकडून घरातला जुना फोटो, बिल, काहीही असेल ते लेखी मागा, आणि ते हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका.

मूळ प्रश्नकर्ती:
दोघांचे मनापासून आभार! परमिटचं डोक्यातच नव्हतं. शनिवारी टॉर्च घेऊन जातेय, पट्टीचे आणि गाठींचे फोटो इथेच टाकते. तोवर टोकन देत नाही. इथे सिंगापूरमध्ये लाकूड तपासून देणारं कोणी माहीत असेल तर जरूर सांगा.