मदत हवी आहे: जवस तेल आणि एलडीएल, चाचणीचा आराखडा तपासून द्याल का?

जवसफूल:
पोषणशास्त्राच्या प्रबंधासाठी नागपुरात एक छोटी चाचणी करायची आहे. सध्याचा आराखडा असा आहे: महाल, इतवारी आणि सक्करदरा भागातली ४० कुटुंबं. प्रत्येक घरातला ३० ते ५५ वयाचा एक सदस्य, एलडीएल (म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल) १३० ते १६० मिग्रॅ प्रति डेसिलिटर, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सुरू नसलेला. घरचं रिफाइंड सोयाबीन तेल आठ आठवडे बंद करून माणशी रोज ३० ग्रॅम घाण्याचं जवस तेल द्यायचं. सुरुवातीला एक लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी), शेवटी एक.

नीतिमत्ता समितीकडे जाण्याआधी विचारते. यात काय चुकेल? तुलनेसाठी वेगळा गट हवाच का? आणि फोडणीत तापलेलं जवस तेल चालेल का?

रक्तद्रव:
तुलना हवीच. एकाच तपासणीवर १३० ते १६० वाले निवडले, की त्यांत एरवी १२० असणारे पण त्या दिवशी १३५ निघालेले बरेच येतात. त्यांचा आकडा पुढच्या वेळी आपोआप खाली येतो, तेल कोणतंही असो. तुम्ही ते श्रेय जवसाला द्याल. म्हणून निवडीसाठी आठवड्याच्या अंतराने दोन तपासण्या करून सरासरी घ्या. प्रत्येक टप्प्याच्या शेवटीही लागोपाठ दोन दिवस रक्त घ्या. एकाच माणसाचं एलडीएल कारणाशिवायही सात-आठ टक्के हलतं, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) तर वीस टक्क्यांपर्यंत.

वेगळ्या गटापेक्षा अदलाबदल बरी. प्रत्येक कुटुंब दोन्ही तेलं वापरेल: सहा आठवडे एक, चार आठवडे विश्रांती (घरचं नेहमीचं तेल), मग सहा आठवडे दुसरं. कोणतं आधी ते चिठ्ठीने ठरवा, म्हणजे ऋतूचा परिणाम दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. हिवाळ्यात कोलेस्टेरॉल थोडं वर असतं, ते इथे आडवं येत नाही.

आता मुख्य मुद्दा. जवस तेल कशाच्या जागी देणार? तेलाच्या चाचणीचं उत्तर इथेच ठरतं. खोबरेल तेलाचंच पाहा. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या चाचणीत लोकांना चार आठवडे रोज ५० ग्रॅम खोबरेल, लोणी किंवा ऑलिव्ह तेल दिलं; लोण्याने एलडीएल वाढलं, खोबरेल ऑलिव्हच्या बरोबरीत राहिलं. पण २०२० च्या एकत्रित विश्लेषणात इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलने एलडीएल सुमारे १० मिग्रॅ जास्त दिसलं. तेल तेच, निष्कर्ष वेगळे.

तुमच्या बाबतीत कीजचं जुनं समीकरण लावून बघा: कोलेस्टेरॉलमधला बदल = १.३५ × (२ × संपृक्तातला बदल − बहुअसंपृक्तातला बदल). संपृक्त म्हणजे तूप-लोण्यात जास्त असणारी चरबी, बहुअसंपृक्त म्हणजे सोयाबीन-जवसासारख्या पातळ तेलांत जास्त असणारी. दोन्हींचा बदल एकूण उष्मांकाच्या टक्केवारीत मोजायचा; संपृक्तातून स्टिअरिक आम्ल वगळायचं. २००० उष्मांकांच्या आहारात ३० ग्रॅम तेल म्हणजे साडेतेरा टक्के. शेंगदाणा तेलाच्या जागी जवस दिलं तर एकूण कोलेस्टेरॉल साधारण ९ मिग्रॅ उतरण्याचा अंदाज येतो. सोयाबीनच्या जागी दिलं तर ३ ते ४ च! सोयाबीनमध्ये बहुअसंपृक्त आधीच ५८ टक्क्यांच्या आसपास असतं, त्यात ओमेगा ३ सुद्धा सुमारे ७ टक्के. सोयाबीन घालवून जवस आणलं तर ओमेगा ३ भरपूर वाढेल, एलडीएल फारसं नाही. एलडीएलच मोजायचं असेल तर तुलना शेंगदाणा तेलाशी करा.

चिठ्ठी_टाका:
याला जोडून कुटुंबांच्या संख्येचं. ८ मिग्रॅ फरक पकडायचा, दोन टप्प्यांतल्या फरकाचं प्रमाण विचलन (माणसामाणसांत तो किती पसरतो) १८ धरलं, तर ८० टक्के क्षमतेसाठी (खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता): (१.९६ + ०.८४)² × १८² ÷ ८² ≈ ४०. वीस टक्के गळती धरा म्हणजे ५० कुटुंबं. फरक ४ मिग्रॅच असेल तर संख्या चौपट होऊन १६०. सोयाबीनशी तुलना करून ४० वर थांबलात, तर "फरक नाही" असं उत्तर येईल आणि त्याचा अर्थ काहीच लागणार नाही.

जवसफूल:
शेंगदाणा ठरवते. तापवण्याचं आणि तेल मोजण्याचं सांगाल का? वासावरून तेल ओळखू येणारच.

घाणेकाकू:
ताई, ओळखू येणारच, ते लपवता येत नाही. प्रयोगशाळेला आणि आकडेमोड करणाऱ्याला मात्र नमुन्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक द्या.

फोडणी मध्यम आचेवर, धूर निघण्याआधी मोहरी पडली पाहिजे. तळण जवस तेलात नको. तळणासाठी दोन्ही टप्प्यांत सारखंच शेंगदाणा तेल वेगळ्या बाटलीत द्या. सावजी रश्शात जवस तेल जुनंच आहे, पण तिथे तर्री बराच वेळ उकळते. तसा बेत झाला तर वहीत नोंद घ्या.

तेल संपूर्ण कुटुंबाला द्या. एकासाठी वेगळी कढई चार दिवसांवर टिकत नाही. चार माणसं × ३० ग्रॅम × १४ दिवस = १,६८० ग्रॅम, म्हणजे १.८ लिटरच्या थोडं वर. २ लिटर द्या आणि दर पंधरवड्याला उरलेलं डब्यासकट तोला. लिटरवर मोजू नका. फुकट तेल आलं की हात सैल सुटतो, वजन वाढतं आणि ट्रायग्लिसराइड चढतात. त्यामुळे माणसाचंही वजन त्याच दिवशी घ्या.

साठवण फार महत्त्वाची. गडद बाटली, फ्रिज, एका वेळी ५०० मिलीच बाहेर. रंगाच्या डब्यासारखा वास आला की बाटली परत घ्या. खरेदी खाद्यतेलाचीच करा: हार्डवेअरच्या दुकानात लाकडाला लावायला "उकळलेलं" जवस तेल मिळतं, त्यात धातूचे क्षार असतात. ते पोटात जाता कामा नये.

वेळ: दिवाळीचा चिवडा-चकली संपल्यावर, नोव्हेंबरअखेरीस सुरू करा; सोळा आठवडे मार्चच्या मध्यापर्यंत जातात, उन्हाळा टळतो. मध्ये लग्नसराई आणि रोडग्यांच्या (गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या) पार्ट्या येतील. रोडग्यांवरचं तूप आणि बाहेरचे तर्री पोहे वहीत आलेच पाहिजेत.

रक्तद्रव:
रक्ताबद्दल थोडं. बारा तास उपाशी, दहा मिनिटं बसवून मग सुई. आडवं झोपवून घेतलेल्या रक्तात कोलेस्टेरॉल कमी दिसतं, पट्टा मिनिटाहून जास्त आवळला तर वाढतं. सिरम (रक्त गोठल्यावर सुटणारा पातळ भाग) वेगळं करून उणे ८० अंशावर ठेवा आणि एका माणसाचे सगळे नमुने एकाच दिवशी चालवा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले तर फ्रीडवाल्ड सूत्राने (थेट न मोजता बाकीच्या आकड्यांवरून) काढलेलं एलडीएल धरू नका. ताप येऊन गेला असेल तर तपासणी तीन आठवडे पुढे ढकला, आजारात एलडीएल घसरतं. थायरॉइड सुरुवातीलाच तपासा. तेल खरंच पोटात गेलं का, हे प्लाझ्मामधल्या (रक्तातल्या द्रवातल्या) अल्फा-लिनोलेनिक आम्लावरून, म्हणजे जवसातल्या ओमेगा ३ वरून, कळेल. तांबड्या पेशींवर विसंबू नका, त्यांचं आयुष्य १२० दिवसांचं, सहा आठवड्यांत पूर्ण चित्र दिसत नाही.

निष्कर्षात "हृदयविकार कमी होतो" लिहू नका. अमेरिकेत मिनेसोटातल्या १९६८ ते ७३ च्या तेल बदलण्याच्या चाचणीत कोलेस्टेरॉल जवळपास १४ टक्के उतरलं, तरी मृत्यू कमी झाले नाहीत. सिडनीत हृदयविकार होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांमध्ये करडई तेलाच्या गटात मृत्यू जास्त झाले. तिथे दिलेल्या मार्गारीनमध्ये (तेलापासून केलेल्या लोण्यासारख्या पदार्थात) ट्रान्स फॅट, म्हणजे हृदयाला अपायकारक चरबी, होतं का, यावर वाद आहे. दुसरीकडे २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा) संपृक्त चरबी दोन वर्षं तरी कमी ठेवल्यास हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांच्या घटना १७ टक्क्यांनी घटल्या. तुमची चाचणी फक्त एलडीएलबद्दल बोलू शकते.

कोणाचं एलडीएल १९० च्या वर निघालं तर त्याला चाचणीत न घेता थेट डॉक्टरांकडे पाठवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर वगळा. आणि सीटीआरआयवर (चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत) नोंदणी पहिलं कुटुंब दाखल होण्याआधी करा. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही.