कॅनडात इंग्रजी: आधी 'लिंक'चा वर्ग धरा

मराठी माध्यमात शिकलेल्या, चाळिशीतल्या बायकोने कॅनडात आल्यावर इंग्रजी कुठून सुरू करावं, असं एकाने विचारलंय. 'टीव्ही बघून येतं' असा सल्लाही आलाय. टीव्हीने कान तयार होतो, तोंड उघडत नाही.

पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना असेल तर सरळ 'लिंक'च्या (LINC, नव्याने आलेल्यांसाठीचे भाषेचे वर्ग) वर्गात नाव घाला. केंद्र सरकारच्या पैशावर चालतात, फी नाही. आधी चाचणी घेऊन पातळी ठरवतात. काही ठिकाणी लहान मुलं सांभाळायची सोयही असते. मात्र नागरिकत्व मिळालं की हा वर्ग मिळत नाही, म्हणून 'पुढे बघू' नको.

माझी वहिनी सांगलीची, बीए झालेली. वाचता यायचं, पण फोन वाजला की घाम फुटायचा. वर्गात तिला काम दिलं: मुलगा आजारी आहे, असा शाळेच्या व्हॉइसमेलवर निरोप ठेवायचा. तिने सगळं वहीत लिहून काढलं, तर बाईंनी वही मिटायला लावली. मुलाचं नाव, इयत्ता, कारण, आपला नंबर. एवढंच, आणि सावकाश. पुढे मुलाला खरोखर ताप आला तेव्हा तिनेच फोन केला. दादाला संध्याकाळी घरी आल्यावर कळलं!

नागरिकत्वासाठी १८ ते ५४ वयोगटाला बोलण्या-ऐकण्यात सीएलबी ४ (सीएलबी म्हणजे भाषेची पातळी मोजायची कॅनडाची मोजपट्टी) लागतं, आणि लिंकचं तेवढ्या पातळीचं प्रमाणपत्र त्याला चालतं. चांगल्या नोकरीला ते पुरत नाही, तेव्हा चारवर थांबू नका.

आणि नवरेमंडळींनो, दवाखान्यात, बँकेत बायकोच्या वतीने बोलणं आजपासून बंद करा. तिला वेळ लागू दे, समोरचा माणूस थांबतो.