मदत हवी आहे: दुखण्याची सापशिडी

आईची कंबर सहा वर्षं दुखतेय. जरा बरं वाटलं की एका दमात माळा झाडते आणि पुढचे तीन दिवस आडवी! ‘दुखायच्या आधी थांबा’ हे फिजिओथेरपिस्टचं सांगणं गळी उतरेना, म्हणून मोक्षपटाच्या, म्हणजे पाप-पुण्याच्या जुन्या सापशिडीच्या, धर्तीवर पुठ्ठ्याची सापशिडी केली. ‘माळा एका दमात’ हा साप, ‘वीस मिनिटं काम, मग पाठ टेकली’ ही शिडी. पहिल्याच डावात ४७ वरून घसरल्यावर आई म्हणाली, “म्हणजे दुखतं ते माझ्याच चुकीनं?”

तिथेच अडलेय. मोक्षपटात साप म्हणजे दुर्गुण. इथे तर काही न करताही कळ उठते. नशिबाचा फासा आणि हातातली निवड, दोन्ही कसं बसवू? रुग्णांसाठी कुणी असे खेळ केलेत का? (शेजारच्या काकूंची बोटं आखडतात, त्या फासा वाटीतून टाकतात. तेवढं जमलंय.)