ल्युसिंडाचं दुःख रडकं नाहीये

कुणीतरी म्हटलंय की ल्युसिंडा विल्यम्स या अमेरिकन गायिकेचा 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड' हा अल्बम म्हणजे नुसती रडारड, मला हे अजिबात पटत नाही. एकदा रात्री दिवे घालवून, हेडफोन लावून सलग ऐका, आणि प्लीज शफलवर नको. 'मेटल फायरक्रॅकर' मध्ये ती सोडून गेलेल्या माणसाकडे परत ये वगैरे काही मागत नाही, फक्त एवढंच की मी तुला सांगितलेली गुपितं कुणाला सांगू नकोस. बास. हे ऐकून माझ्या पोटात अक्षरशः खड्डा पडला होता कारण नातं संपल्यावर खरंच हीच भीती उरते.

'लेक चार्ल्स' तर गेलेल्या मित्राचं गाणं आहे, ते मी रोज ऐकूच शकत नाही.

आणि शेवटचं 'जॅक्सन'! गाडी चाललीये, लाफायेत येतं, बॅटन रूज येतं, प्रत्येक गावाला ती म्हणते की इथे पोचले की तुझी आठवण येणार नाही, आणि दर वेळी आपल्याला कळत जातं की येतेच आहे. ही गावं अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातली, ती स्वतःही तिथलीच, वडील कवी, त्यामुळे गावांची नावंसुद्धा कवितेसारखी येतात. अल्बम १९९८ चा, त्याआधी काही वर्षं रेकॉर्डिंग परत परत केलं तिने, प्रोड्युसर बदलले, लोक वैतागले, पण आवाजातला तो खरखरीतपणा तिने कुठेही गुळगुळीत होऊ दिला नाही, मला तरी तेच सगळ्यात जास्त आवडतं.