‘चॅड’ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिका : 2000 सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडात झालेल्या फेरमोजणीवरील लेखाचा अनुवाद करताना मी एका शब्दापाशी अडले आहे. तेथील अनेक काउंट्यांत मतदार छिद्रकार्डावर टोच्याने भोक पाडत आणि त्यातून सुटणाऱ्या चौकोनी तुकड्याला ‘चॅड’ म्हणत. हा तुकडा पूर्ण न सुटता एका कोपऱ्यावर लोंबत राहिला की यंत्र ते मत कधी वाचत असे, कधी नसे. अखेर 537 मतांच्या फरकाने ठरलेल्या लढतीत सारा वाद या तुकड्यांवर येऊन ठेपला. मी ‘लोंबती टिकली’ असे लिहिले, तर हसू येते म्हणून संपादकांनी ते खोडले.

डबलबेल : माझे वडील एसटीत वाहक होते. त्यांच्या पंचमधून पडणाऱ्या तुकड्यांना आम्ही भावंडे टिकल्याच म्हणत असू. हसू आले तर येऊ द्यावे; तेव्हा अमेरिकनांनाही आलेच होते.

कोशकीटक : टिकली गोल असते आणि हा तुकडा चौकोनी आहे. त्यापेक्षा ‘कपचा’ बरा.

पाभर : ‘चॅड’ आणि आपले ‘चाडे’ मुळात एकच असावेत, असा माझा कयास आहे. पाभरीच्या चाड्यालाही भोके असतात आणि त्यांतून बी खाली जाते.

कोशकीटक : ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. चॅड नावाच्या कोणा संशोधकावरून हा शब्द आला, ही इंग्रजीतली कथाही अशीच रचलेली आहे. व्युत्पत्ती सांगताना थोडी चाड बाळगावी.

सुईण : माझ्या मते ‘खपली’ हा शब्द अचूक आहे, कारण ती अर्धी सुटून अर्धी धरून राहू शकते. नुसता खळगा पडलेल्या, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘गरोदर’, चॅडला मात्र ‘पोचा’ म्हणावे. भांड्याला पडतो तसा.

कोशकीटक : येथेच धोका आहे. पाम बीच काउंटीने 1990 च्या नियमाने मोजणी सुरू केली आणि पूर्ण चिकटलेले तुकडे सोडून दिले. मग आरपार उजेड दिसला तरी मत धरले. मग पुन्हा जुना नियम आणला. शेवटी पोचेही विचारात घ्यावेत, असा न्यायालयाचा आदेश आला. म्हणजे मतदाराचा कौल कशात दिसतो हाच वाद होता. ‘पोचा’ म्हटले की वस्तू चुकून दबली असे वाटते, आणि अनुवादक नकळत एका पक्षाचा वकील होतो.

सुईण : मग ‘गरोदर’ म्हणणारा दुसऱ्या पक्षाचा वकील ठरत नाही का? आत काहीतरी आहे, असे तो आधीच सांगून मोकळा होतो.

अनुवादिका : लोंबतीला खपली आणि दबलेल्याला पोचा म्हटले, तर दोन्ही मिळून ज्या वस्तूला ‘चॅड’ म्हणतात तिला काय म्हणू?

कोशकीटक : चॅड.

डबलबेल : टिकली. चौकोनी टिकल्याही बाजारात मिळतात.