प्रतिसाद: चित्रं आणि आकडे एकत्र

लहान मुलांना शब्द शिकवायला चित्रकार्डं (एका बाजूला चित्र असलेली कार्डं) रोज घोकून घ्या, असं वरच्या लेखात सुचवलंय, त्यात थोडी भर. बालवाडीतल्या मुलांना कार्डावर एकच आंबा दाखवण्यापेक्षा एक आणि तीन, अशी दोन चित्रं शेजारी ठेवा. 'एक आंबा, तीन आंबे. एक चिंच, चार चिंचा. एक केळं, दोन केळी' म्हणताना शब्द, आकडा आणि अनेकवचन एकदमच कानावर पडतं. मोजून झालं की 'मग एकूण किती?' हे विचाराच. शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजेच सगळ्यांची संख्या, हे लहान मुलांना आपोआप कळत नाही. पाचाच्या पुढे जायची घाई नको. पुण्यात असाल तर मंडईत जरूर न्या, दोडका, गवार, वांगी हातात घेऊ द्या. शंभरपर्यंत पाठ म्हणण्यापेक्षा 'आई, दोन दोडके वाकडे आहेत' हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. चित्रं मात्र मुलांनाच काढू द्या, कशीही येवोत.